खुंट तिथला

।। श्री ।।

तासगाव,
फेब्रुवारीचा दुसरा आठवडा

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू आईला म्हणालीस, "इथं माझ्या हातानं काही उगवत नाही." आईनं मला ते सांगितलं तेव्हा मी बेदाणा शेडवर होतो. काम चालू होतं, पण मन लागेना. तू सातवीत असताना परसात लावलेली वांगी आपण दिवाळीपर्यंत खाल्ली आहेत. तुझ्या हातात काही खोट नाही. चुकली ती वेळ, आणि ती वेळ सांगणारं माणूस तुझ्याजवळ नव्हतं. फोनवर एवढं बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

गेल्या एप्रिलच्या अखेरीस तिकडं अमेरिकेत, मिनिॲपोलिसला, चार दिवस लख्ख ऊन पडलं आणि तू टोमॅटो-मिरचीची रोपं बाहेर लावलीस. कुणाचा तरी व्हिडिओ बघितला होतास. तो माणूस कॅलिफोर्नियाचा. त्याचं खरंच होतं, पण त्याच्या जमिनीपुरतं. पाचव्या रात्री दव गोठलं आणि सकाळी रोपं शिजल्यासारखी काळी पडली. तू रडलीस हे आईनं मला तेव्हा सांगितलं नव्हतं, आत्ता सांगितलं.

माझंही असंच झालं होतं, तू तेव्हा पाळण्यात होतीस. ओढ्याकडच्या दीड एकरात द्राक्षाची पहिली बाग धरली होती. नाशिककडच्या एका चांगल्या बागायतदाराकडून छाटणीपासून काढणीपर्यंतचं सगळं वेळापत्रक वहीत उतरवून आणलं आणि तंतोतंत पाळलं. ऑक्टोबरात परतीचा पाऊस झाला, बाग पोंग्यातून, म्हणजे कोवळ्या फुटीतून, पुढं आली होती, आणि घडावर डावणी हा बुरशीचा रोग उतरला. आठ दिवसांत सगळं गेलं. बांधाला बांध असलेले तात्या येऊन उभे राहिले. म्हणाले, "वही चांगली हाय रं, पण ही पट्टी खोलगट हाय. हितं दव दहा वाजेपर्यंत सुकत न्हाई. वरच्या अंगाला चालंल ते हितं चालायचं न्हाई." एकाच गटातली जमीन, मध्ये तीनशे फूट अंतर, आणि छाटणी आठ-दहा दिवस पुढं-मागं करावी लागते. पुढं पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्रातल्या लोकांचं मी खूप ऐकलं, त्यांच्यामुळं बाग टिकली. पण त्यांचं सांगणं माझ्या पट्टीला कसं लावायचं ते तात्यांनी शिकवलं.

तुलाही ही दोन्ही माणसं लागतील. एक शास्त्र सांगणारं, एक बांधावरचं. दोन्ही तिथं आहेत. गेल्या उन्हाळ्यात तुझ्याकडं राहिलो तेव्हा मी डोळ्यांनी पाहिलंय.

आधी शास्त्राचं. आपल्याकडं राहुरीचं विद्यापीठ आहे, कसब्या डिग्रजला हळदीचं संशोधन आहे, कृषी सहायक आहे. तिथंही तशीच सोय आहे आणि ती फार जुनी आहे. विद्यापीठातलं ज्ञान गावागावांत पोचवायचा कायदा अमेरिकेत १९१४ साली झाला. तुमच्या मिनेसोटा राज्यातल्या विद्यापीठाचा विस्तार विभाग त्यातूनच चालतो. तो नुसता मोठ्या शेतकऱ्यांसाठी आहे असं समजू नकोस. शहरातले लोक एवढे प्रश्न विचारायला लागले की विस्तार अधिकाऱ्यांना पुरे पडेना, म्हणून १९७२-७३ च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यात हौशी लोकांना शिकवून तयार करायची पद्धत सुरू झाली. त्यांना मास्टर गार्डनर म्हणतात. ते पगारी नसतात, शिकून घेतात आणि बदल्यात लोकांना फुकट सल्ला देतात. तुझ्या हेनेपिन काउंटीतही आहेत. पानाचा फोटो काढून प्रश्न पाठवता येतो. आपला प्रश्न त्यांना वेडगळ वाटेल असं मनात आणू नकोस. विचारणाऱ्याला तिथं कुणी हसत नाही, हे मी स्वतः बघितलं.

त्यांच्या शेतकी खात्याचा थंडीचा नकाशा आहे, २०२३ मध्ये नवा काढलाय. पिनकोड टाकला की तुझा पट्टा कळतो. मिनिॲपोलिसचा बराच भाग ५अ मध्ये येतो, म्हणजे वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरी उणे २६ ते उणे २९ सेल्सिअसच्या घरात. पण इथं एक गोष्ट नीट लक्षात घे, कारण पुष्कळ लोक इथंच फसतात. तो नकाशा झाडाझुडपांसाठी आहे. सफरचंद, द्राक्ष, गुलाब, म्हणजे जे हिवाळाभर जमिनीत राहणार त्यांच्यासाठी. टोमॅटोला त्या नकाशाचा काही उपयोग नाही. त्याला दोनच तारखा लागतात. वसंतात शेवटचं गोठणं कधी आणि शरदात पहिलं कधी. तुझ्याकडं पहिली तारीख मे महिन्याच्या मध्यापर्यंत धरायची, दुसरी साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीची. तिथले जुने लोक मिरची-टोमॅटो मेच्या शेवटच्या आठवड्याशिवाय बाहेर काढत नाहीत. त्यावरून मागं मोज. टोमॅटोचं बी घरात सहा ते आठ आठवडे आधी टाकायचं, मिरचीचं आणखी दोन आठवडे आधी. म्हणजे मार्चात खिडकीत तुझा तरवा सुरू झाला पाहिजे. आणि घरातलं रोप एकदम उन्हात नेऊ नकोस. आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवायचं, वारा लागू द्यायचा, मग लावायचं.

आता बांधावरचं माणूस.

जूनमध्ये मी रोज सकाळी तुझ्या घरामागच्या त्या सामाईक बागेकडं फिरायला जायचो, आठवतं ना? कुंपणाच्या कडेच्या वाफ्यात एक म्हातारी असायची. हमोंग लोकांपैकी, मूळची लाओसची. व्हिएतनामचं युद्ध संपल्यावर, १९७५ नंतर, हे लोक थायलंडच्या छावण्यांतून तिकडं गेले आणि आज तुमच्या शेजारच्या सेंट पॉल शहरात त्यांची देशातल्या मोठ्या वस्त्यांपैकी एक आहे. तिला इंग्रजी येत नव्हतं, मलाही कामापुरतंच. पण तिच्या वाफ्यात कारली होती, ताई. गवती चहा होता, कोथिंबीर होती, लवंगी मिरचीसारखी बारीक मिरची होती. उणे तिसावर जाणाऱ्या गावात! मी वेलीकडं बोट केलं, ती हसली. मग तिनं माझा हात धरून पंजाची पाठ मातीवर टेकवली आणि शेजारच्या वाफ्यात नेऊन पुन्हा टेकवली. पहिल्या वाफ्याची माती कोमट होती, त्यावर तिनं काळा प्लॅस्टिक कागद अंथरला होता. दुसरी गार होती. एवढंच. हवा गरम झाली म्हणून माती गरम होत नाही, हे ती मला सांगत होती. दुधाचे मोठे प्लॅस्टिकचे कॅन बूड कापून तिनं रोपांवर टोप्यांसारखे घातले होते. तिचा नातू आला तेव्हा त्यानं सांगितलं की पहिली दोन वर्षं आजीचं काहीच आलं नव्हतं.

तुला सल्ला हवा असेल तर तिच्याकडं जा. तिथंच जन्मलेल्या शेजाऱ्याकडंही जा, त्याला बटाटा, वाटाणा, बडीशेपेसारखं दिसणारं ते शेपूचं रोप सगळं माहीत असतं. पण उष्ण मुलखातून येऊन ज्यानं त्या थंडीत आपली भाजी पिकवली, त्याच्याइतकं तुला दुसरं कुणी सांगू शकणार नाही. शनिवारच्या शेतकरी बाजारात या लोकांचे गाळे असतात. भाजी घे, आणि घेताना विचार.

वाफा मिळवायचं मात्र आत्ताच बघ. सामाईक बागांतले वाफे वर्षाच्या भाड्यानं देतात, पण अर्ज हिवाळ्यातच घेतात आणि पुष्कळ ठिकाणी प्रतीक्षा यादी असते. बर्फ वितळल्यावर गेलीस तर उशीर झालेला असेल. एकाच बागेवर अवलंबून राहू नकोस, तीन-चार ठिकाणी नाव घाल. शहराच्या उद्यान मंडळाकडंही चौकशी कर. डाउलिंगची बाग आपण पाहिली होती, ती १९४३ सालची. महायुद्धात भाजीचा तुटवडा होऊ नये म्हणून लोकांनी देशभर अशा बागा केल्या होत्या, त्यातल्या अजून चालू राहिलेल्या अगदी थोड्या, त्यात ही एक आणि बॉस्टनची एक. ऐंशी वर्षं जी माती लोक कसताहेत, ती कशी असेल ते तूच बघ. नियम असतात. तण वाढू द्यायचं नाही, सामाईक कामाला काही तास द्यायचे, हंगाम संपल्यावर वाफा स्वच्छ करून द्यायचा. ते तास चुकवू नकोस. नळाची पाइप ओढताना, कंपोस्ट वाहताना जी माहिती मिळते ती कुठल्याच पुस्तकात नसते.

निवडायला मिळालं तर खोलगट जागेतला वाफा घेऊ नकोस. थंड हवा पाण्यासारखी असते, उताराला लागते आणि खोलात साचते. आपल्या ओढ्याकडच्या पट्टीत दव का रेंगाळतं, तेच कारण. शरदातली पहिली गोठण खालच्या वाफ्याला आधी गाठते.

घराशेजारीच लावायचं ठरवलंस तर आधी माती तपासून घे. आपण बागेचं देठ परीक्षण करतो ना, तसं. जुन्या लाकडी घरांना शिशाचा रंग दिलेला असायचा, तिकडं त्यावर १९७८ मध्ये बंदी आली. तो रंग खरवडला जाऊन भिंतीलगतच्या मातीत पडलेला असतो. छोट्याला मातीत खेळवायचंय, म्हणून हे टाळू नकोस. सेंट पॉलला विद्यापीठाची माती प्रयोगशाळा आहे, तिथं शिशाचीही तपासणी सांगता येते. जास्त निघालं तर वर लाकडी चौकट करून बाहेरची माती भरायची.

आता बियांचं. आईनं पावट्याचं आणि कांद्याचं बी पुडीत बांधून ठेवलंय, तुझ्या मामेभावाबरोबर पाठवायला. मी पाठवू देणार नाही. एक तर परवान्याशिवाय किंवा पीक आरोग्य दाखल्याशिवाय बी नेणं तिथं चालत नाही, विमानतळावर काढून घेतात. पण खरं कारण दुसरं आहे. आपला कांदा दिवस साधारण बारा तासांचा झाला की गड्डा धरायला लागतो. तुझ्याकडं जूनमध्ये दिवस साडेपंधरा तासांचा असतो, आपल्याकडं सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या आसपास. आपला कांदा तिथं पात वाढायच्या आतच गड्डा धरेल आणि सुपारीएवढा राहील. तिथं लांब दिवसाचा कांदा म्हणून वेगळं बी मिळतं, ते घे. पावट्याचं उलटं. तो दिवस लहान व्हायची वाट बघतो. तुझ्याकडं सप्टेंबरात फूल धरेल आणि ऑक्टोबरात दव गोठून सगळं जाईल. आईला हे समजावून सांगताना तिला फार वाईट वाटलं, पण खरं तेच आहे. मेथीचं मात्र काही अडत नाही. तिथल्या आपल्या दुकानातले मेथीदाणे पेर, महिन्याच्या आत जुडी निघेल. कोथिंबीर लांब दिवसात लवकर फुलावर येते, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी टाकत जा.

आणि लसूण. हे मला तिथं गेल्यावर कळलं आणि फार आवडलं. तो ऑक्टोबरात लावतात, वर काडाचं जाड आच्छादन घालतात, आणि तो बर्फाखाली पडून राहतो. त्याला ती थंडी लागतेच, तिच्याशिवाय पाकळ्या नीट सुटत नाहीत. जुलैत काढतात. या वर्षी दुसरं काही जमलं नाही तरी लसूण लावच.

चास्काच्या वृक्षोद्यानात आपण द्राक्षवेली पाहिल्या, तेव्हा तू मला म्हणालीस, "आप्पा, चला ना, किती वेळ." मला तिथून पाय निघत नव्हता. फ्राँटनॅक नावाची ती जात त्यांच्या विद्यापीठानं १९९६ मध्ये दिली. नदीकाठच्या रानद्राक्षाशी संकर करून ती काढली, म्हणून उणे तीस-बत्तीसलाही काडी मरत नाही. आपण वर्षात दोनदा छाटतो, कारण आपल्या वेलीला झोपवायला थंडी नाही. त्यांची वेल हिवाळाच झोपवतो. आणि आपल्या बागेत कलमाखाली जो डॉगरिज जातीचा खुंट आहे, तोही मूळ अमेरिकेचाच, टेक्सासच्या रानद्राक्षाचा. आपल्याकडं जमीन क्षारपड व्हायला लागली, पाणी कमी पडायला लागलं, तेव्हा त्या खुंटावर आपण आपल्या द्राक्षाचा डोळा भरला, कलम केलं. तुझी आई म्हणते, पोरगी तिकडची झाली. मी तिला म्हटलं, खुंट तिथला धरला तरी डोळा आपलाच असतो, घड आपलेच लागतात.

बागेची काढणी अजून महिनाभर चालेल. हवा ढगाळ झाली की जीव घाबरतो, बाकी बरं आहे. जावईबापूंना नमस्कार, छोट्याला गोड पापा.

एक काम कर. त्या आजीला भेटलीस की विचार, ती मिरची नेमकी कोणत्या तारखेला बाहेर लावते आणि माती कशी ओळखते. ती तारीख मला कळव. माझ्या बागेच्या वहीत छाटणीच्या तारखांशेजारी तुझ्या वाफ्यासाठी एक पान कोरं ठेवलंय.

तुझे,
आप्पा