गणपतीतलं 101 वं युनिट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लाईट बिल कमी करण्याचे उपाय वाचले. एलईडी दिवे लावा, फाईव्ह स्टार फ्रिज घ्या, गिझरचं बटण आठवणीने बंद करा. चुकीचं त्यात काही नाही, पण हे सगळं बारा महिने घरात राहणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं आहे. आमच्या वाडीत अशी घरं निम्मीसुद्धा नाहीत.

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घराच्या पडवीत एका खिळ्याला सात किल्ल्या टांगलेल्या आहेत. एकही आमच्या घराची नाही. मुंबई, ठाणे, विरारला गेलेल्या भावकीची घरं आम्ही बघतो. पावसाआधी कौलं परतून घ्यायची, वाळवी लागली का बघायचं, संध्याकाळी दारातला दिवा लावायचा आणि दर महिन्याला ग्रिलला खोचलेली लाईट बिलं गोळा करून भरायची. भरलेली बिलं मी बिस्किटाच्या जुन्या डब्यात घरवार ठेवते. हा डबा नसता तर हे पत्रही लिहिलं नसतं.

मुंबईच्या उपनगरात राहणारे चाकरमानी सांगतात की तिकडे टाटा आणि अदानी यांतली एक कंपनी निवडता येते, दर बघून बदलताही येते. आमच्याकडे महावितरण एकच, तो प्रश्नच नाही. एक मेगावॉटचा कारखाना असेल तर कायद्याने बाहेरून वीज घेता येते, अर्ध्या एचपीच्या विहिरीच्या पंपाला कोण विचारतो? आमच्याच तालुक्यात अंजनवेलला 1967 मेगावॉटचा गॅसवरचा प्रकल्प आहे आणि शेजारच्या चिपळुणात पोफळीला कोयनेचं वीजघर, म्हणून आम्हाला वीज स्वस्त द्या, असंही मी म्हणत नाही. वीज ग्रीडमध्ये जाते, ती गाव बघून उतरत नाही. म्हणजे आमच्या हातात उरतो तो फक्त स्लॅब, म्हणजे वापराबरोबर चढणाऱ्या दराच्या पायऱ्या. त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

बऱ्याच जणांची समजूत असते की शंभरच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल महाग दराने लागतं. तसं नाही. पहिली शंभर युनिटं स्वस्तच राहतात, दर चढतो तो 101 व्या युनिटापासून. 2024-25 च्या बिलांवर पहिल्या शंभराला युनिटमागे 4 रुपये 71 पैसे होते, 101 ते 300 ला 10 रुपये 29 पैसे, 301 ते 500 ला 14 रुपये 55 पैसे आणि पाचशेच्या पुढे 16 रुपये 64 पैसे. वर युनिटमागे 1 रुपया 17 पैसे वहन आकार, म्हणजे वीज पोचवण्याचे पैसे, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. पुढे आकडे बदलले, पण पहिल्या पायरीवरून दुसरीवर चढताना दर दुपटीहून वर जातो, ते काही बदललेलं नाही.

गरिबाला कमी दर आणि जास्त जाळणाऱ्याला जास्त, हे मला पटतं. गडबड अशी की स्लॅब महिन्याचा मोजतात आणि कोकणातलं घर महिन्याच्या हिशोबाने चालत नाही.

डब्यातल्या एका घराची बिलं काढून बेरीज केली. दहा महिने दारातला दिवा आणि चार झाडांना पाणी, म्हणून महिन्याला दहाच्या आसपास युनिटं. मे महिन्यात सगळं खटलं आलं, 260 युनिटं. गणपतीत 190. वर्षाची बेरीज 550. दरमहा शंभर म्हणजे वर्षाला 1,200 स्वस्त युनिटं या घराच्या वाट्याची. त्याने निम्मीही वापरली नाहीत. तरी मेमधली 160 आणि गणपतीतली 90, अशी 250 युनिटं महाग दराने गेली. फरक युनिटमागे 5 रुपये 58 पैसे. होतात 1,395 रुपये, वीज शुल्क धरून 1,618. दहा महिने न वापरलेली स्वस्त युनिटं कुठे गेली, तर कुठेच नाही, त्या त्या महिन्याच्या रीडिंगबरोबर संपली.

याहून गंमत दोन चुलत दिरांच्या घरांची. मध्ये फक्त एक गडगा. रीडिंगवाला महिन्याच्या सोळा तारखेच्या आसपास येतो. थोरले 1 मेला आले आणि महिनाअखेर परतले, त्यांची 200 युनिटं दोन बिलांत निम्मी-निम्मी पडली, सगळी स्वस्तात. धाकट्याला रजा मिळाली उशिरा, तो 18 मेला आला आणि मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या आत गेला. त्याचीही 200 च, पण एकाच बिलात. शंभर युनिटं महाग झाली आणि त्याला थोरल्यापेक्षा 647 रुपये जास्त पडले. फोनवर मी त्याला म्हटलं, पुढच्या वर्षी पंधरा दिवस आधी या भावोजी. तर म्हणतो, "वहिनी, रजा आता मीटर बघून घेऊ काय?"

आमच्या माणसांचंही चुकतं, ते झाकत नाही. परसात नारळाच्या सोडणांचा ढीग पडलेला, झावळ्या पावसात कुजतायत आणि न्हाणीघरात गिझर लावलेला. दोन किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. बारा माणसांच्या घरात तो सहा वेळा तापतो, म्हणजे दहा दिवसांत 60 युनिटं नुसत्या आंघोळीची. त्याच पाण्याला आमच्या पाणचुलीवर काडीचा खर्च येत नाही. पण मुंबईच्या सुनांना धूर सोसत नाही, आणि खरं सांगायचं तर आता मलाही सोसत नाही.

स्मार्ट मीटर आल्यावर सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळातल्या वापराला सवलत सुरू झाली, 1 जुलै 2025 पासून, सुरुवातीला युनिटमागे 80 पैसे. चांगलंच आहे. मी हिशोब केला: विहिरीचा पंप रोज तासभर दुपारी लावला तर महिन्याला साधारण बारा युनिटं, म्हणजे सुटले दहा रुपये. मिळतात ते घ्यावेत, पण 1,618 ची भोकं दहा-दहा रुपयांनी बुजत नाहीत.

सोलर लावा, असा सल्लाही आपल्या लेखात होता. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, खरं आहे. पण छप्पर मंगलोरी कौलांचं, त्यावर माडांची सावली, दिवसातून दोनदा माकडांची वर्दळ. हे सगळं जमवलंच तर पुढे सातबारा. ज्या सात घरांच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, त्यांतल्या तीन घरांचं मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे. एका सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. संमती घ्यायला बसलं तर एक मे महिना पुरायचा नाही.

तरी सोलरच्या नियमात एक गोष्ट मला मिळाली. छपरावर पॅनल असलेल्याची उरलेली युनिटं नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे दिलेल्या-घेतलेल्या विजेच्या वजाबाकीत, पुढच्या महिन्यात ओढली जातात आणि 31 मार्चला वर्षाचा हिशोब होतो. म्हणजे वर्षभराचा हिशोब ठेवता येतो, तो आजही ठेवला जातो. मग ज्या घराची वर्षाची बेरीज 1,200 च्या आत आहे, त्याचा मार्चमध्ये एकदा स्लॅबचा फेरहिशोब करून फरक एप्रिलच्या बिलात वजा का होऊ नये? रीडिंगं कॉम्प्युटरात आहेतच. नवीन मीटर नको, अर्ज नको, अकरा जणांच्या सह्या नकोत.

वीज वापरली नाही तरी दरमहा लागणारा स्थिर आकार मात्र माफ करा, असं मी म्हणत नाही. घर बंद असलं तरी खांब आणि तारा उभ्या असतात, आणि निसर्ग नि तौक्ते वादळांत आडवे झालेले खांब पुन्हा उभे करणारी माणसं भर पावसात राबलेली आम्ही पाहिली आहेत. त्याचे पैसे द्यायलाच हवेत.

समुद्रालगत बंगले बांधलेल्यांनाही याचा फायदा होईल, असं आमच्या मुलाचं म्हणणं. चार एसी लावणारा 1,200 च्या आत राहतो थोडाच! एखादा घुसलाच तर घुसू दे. सवलतीचे पैसे शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी दरातून वसूल होणार, हेही मला कळतं, ते किती आणि कुणाच्या, हे दर ठरवणाऱ्या आयोगाने मोजावं. आमच्या स्वतःच्या घराला यातून फारसं काही सुटायचं नाही, आम्ही बाराही महिने ऐंशी-नव्वद युनिटांत बसतो.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग दर ठरवण्याआधी लोकांच्या लेखी हरकती मागवतो. आपल्या वाचकांतल्या ज्यांची गावाकडे बंद घरं आहेत, त्यांनी आपली वर्षाची बेरीज करून ठेवावी. माझी हरकत लिहून तयार आहे. सोबत सात घरांची बारा-बारा बिलं जोडायची म्हणून परवा बाजारात जाऊन 84 झेरॉक्स काढल्या. झेरॉक्सवाल्याने गठ्ठा बांधून देताना हळूच विचारलं, "काय काकी, जमिनीची केस उभी राहिली काय?"

आपली,
एक वाचक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी