पार्किंगमधल्या सॉकेटचा ठराव घ्या

संपादक महोदय,

सकाळी नाशिकच्या द्वारका चौकात अडकलेल्या चारचाकींपैकी बहुतेकींत चालक एकटाच असतो. नाशिकरोड ते सातपूर जाऊन-येऊन ३० किलोमीटर धरा. १५चं ॲव्हरेज देणारी गाडी त्यात दोन लिटर पेट्रोल पिते आणि साडेचार किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडते. तेवढ्याच अंतराला इलेक्ट्रिक स्कूटरला, चार्जरमधली घट धरूनही, सव्वा युनिट वीज पुष्कळ झाली. ती सगळी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळसा जाळून आलेली मानली तरी हिशेब दीड किलोच्या आसपास येतो.

घोडे अडते ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये. तिथे स्कूटर चार्ज करायला सॉकेट नाही, म्हणून वरच्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशन सोडले जाते. चार्जर जेमतेम ७५० वॅटचा, म्हणजे तीन-साडेतीन अँपिअर. पण हा करंट चार-पाच तास सलग वाहतो. स्वस्त बोर्डातली पट्टी सैल असली की तिथेच उष्णता साठते, पिन काळी पडते, प्लास्टिक वितळते. एमसीबी, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप पडणारा स्विच, मात्र पडत नाही, कारण लूज कॉन्टॅक्टमुळे करंट वाढतच नाही. अर्थिंगही अशा बोर्डांत बऱ्याचदा नावापुरतेच.

त्यापेक्षा मीटर रूममधून, ज्याच्या त्याच्या मीटरनंतर, वेगळी लाइन काढावी. फेज, न्यूट्रल, अर्थिंग अशा अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तीन वायरी पीव्हीसी पाइपातून न्याव्यात. मीटरजवळ १६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळू लागताच वीज तोडणारा स्विच), तर गाडीजवळ जमिनीपासून चार फुटांवर झाकणाचे १६ अँपिअर सॉकेट बसवावे. अंतर ३० मीटरच्या वर असेल किंवा पुढे इलेक्ट्रिक कार घ्यायची असेल, तर वायर चार स्क्वेअर एमएमची. पैसे वाचवायला लोक हमखास आरसीसीबी गाळतात. पण पावसाळ्यात ओल्या फरशीवर जीव वाचवतो तो तोच.

बिल स्वतःच्या मीटरवर येत असल्याने कॉमन मीटरचा वाद उरत नाही. घरच्या चालू जोडणीवरून वाहन चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत मुभा आहे, हे कमिट्यांनी एकदा वाचावे.

दुचाकी झेपत नसेल त्यांना सिटीलिंकची शहर बस आहे. अंबडला एकाच शिफ्टचे चौघे असतील तर एक गाडी पुरते. पेट्रोल वाटून घ्यावे, पण खासगी नंबरप्लेटवर भाडे आकारू नये. अपघात झाला तर विम्याचा दावा अडू शकतो.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. पाइपाचा मार्ग आणि सॉकेटच्या जागा ठरवण्याचा विषय यंदाच्या विषयपत्रिकेत घ्यावा. सगळ्यांचे पाइप एकदमच टाकले तर भिंती पुन्हा पुन्हा फोडाव्या लागत नाहीत.

– एक परवानाधारक वायरमन, इंदिरानगर, नाशिक