चि. बापूस

अमळनेर

चि. बापू,
अनेक आशीर्वाद.

कान ठणकायचा थांबला म्हणतोस, पण फोनवरचा तुझा आवाज काही तसं सांगत नव्हता. त्यावर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलेय. टोपी स्वतः विणणार म्हणालास ना, तेवढंच लिहिते.

पार्सलात ८ आणि १० नंबरच्या सुया आहेत, लोकरीच्या पन्नास ग्रॅमच्या तीन गुंड्या आणि आप्पांनी आग्रहाने घातलेले केळीचे वेफर्स. दोन गुंड्यांत टोपी बहुतेक होते, तिसरी हाताशी असू दे. तुझ्या लुधियानात लोकरीला तोटा नाही, पण रंगाची छटा लॉटगणिक बदलते, म्हणून एकदम पाठवली. ही खरी लोकर आहे. अॅक्रिलिक स्वस्त पडतं, पण घाम शोषत नाही. गाडीवर डोकं ओलं झालं आणि वारा लागला की कान पुन्हा धरणार.

आधी ८ नंबरवर वीतभर नमुना विण आणि पट्टीने मोज. दहा सेंमीत २२ टाके यायला हवेत. २४ आले तर टोपी ४५ सेंमीची होईल आणि कपाळ आवळेल. २० आले तर ५४ ची, वाऱ्याने वर सरकेल. हात घट्ट असेल तर सुई एक नंबर जाड घे, म्हणजे ७ (आकडा लहान तितकी सुई जाड). हे टाळू नकोस, घाई तुझ्या अंगातच आहे. (रागावले नाही रे.)

मग १० नंबरवर ११० टाके घाल. सुरुवातीला दोन-सव्वादोन मीटर धागा सोड, नाहीतर शंभराव्या टाक्याला संपतो आणि सगळं उसवावं लागतं. टाके घालताना दोन सुया एकत्र धर आणि नंतर एक ओढून घे. काठ सैल राहतो, कपाळावर वळ उठत नाही.

पट्टी, म्हणजे टोपीचा खालचा काठ, दोन सुलट, दोन उलट. शेवट दोन सुलटने. परतीच्या ओळीची सुरुवात दोन उलटने. सुलटला धागा मागे, उलटला पुढे, आणि तो न्यायचा दोन सुयांच्या मधून. सुईवरून नेलास की धाग्याचा जादा आढा (वेढा) पडतो, पुढच्या ओळीत त्याचा टाका होतो आणि तिथे भोक. दिवाळीत तुझ्या पट्टीत अशी तीन भोकं होती, तरी बारा ओळी एका बैठकीत विणल्यास. ताईने तो तुकडा अजून ठेवलाय. जिभाऊंनाही दाखवला मी.

पट्टी १२ सेंमी कर. लोक पाचवर थांबतात. बारा झाली की दुमडून कानावर दोन थर येतात, आणि मला तेच हवंय. दर चार ओळींनी टाके मोज, ११० च हवेत. टाका निसटला तर घाबरू नकोस, खाली शिडी दिसते. क्रोशाच्या सुईने एकेक पायरी ओढत वर आण. सुलट बाजूने केलंस तर सोपं.

नंतर ८ नंबरवर एक ओळ सुलट, एक उलट, एकूण उंची २२ सेंमी होईपर्यंत. मग माथा. एक टाका, नंतर दहा सुलट आणि दोन एकत्र, असं नऊ वेळा, शेवटी एक टाका. परतीची ओळ साधी उलट. पुढच्या सुलट ओळीत नऊ आणि दोन एकत्र, मग आठ, असं पाचपर्यंत. ५६ टाके उरतील. पुढच्या दोन सुलट ओळींत सगळे दोन-दोन एकत्र, मधली उलट साधीच: २८, मग १४. पन्नास सेंमी धागा ठेवून काप, जाड सुईने चौदाही टाक्यांतून ओव आणि ओढ. नऊ रेघा मध्यावर येऊन मिळतात, ते बघायला फार छान वाटतं.

त्याच धाग्याने वरून खाली शीव. शेवटची सहा सेंमी मात्र उलट्या बाजूने, कारण पट्टी दुमडली की आतली शिवण बाहेर येते.

धुताना थंड पाणी. गरम पाण्याने लोकर आकसून नमद्यासारखी जाड, घट्ट होते. पिळू नकोस, टॉवेलमध्ये दाबून आडवी वाळव.

लिहिता लिहिता तुझी बालवाडीतली लाल टोपी डोळ्यांपुढे येते. एका कानावरून ती कायम घसरलेली, तोच डावा कान. आजी सकाळपासून म्हणतेय, 'पोऱ्याले सांग, कान झाकी ठेव.' मी तिला म्हटलं, सांगणार नाही. पण कानातले थेंब डॉक्टरांनी सांगितलेत तितके दिवस घाल रे, बरं वाटलं तरी. आणि टोपी होईस्तोवर गाडीवर मफलर.

पट्टी चार सेंमी झाली की सुईवरच असताना फोटो पाठव. टाके मी मोजते.

तुझी आई