फॉरवर्डच्या ढिगात बुडालेली नोंदवही

मा. संपादक,
स. न.

शाळकरी मुलांच्या हाती मोबाइल द्यावा की नाही, यावर आपल्या पत्रसदरात काही दिवसांपासून जुंपली आहे. दोन्हीकडची पत्रं वाचली. मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, २०२१ मध्ये निवृत्त झाले. मुलं मोबाइलवर काय बघतात यावर सगळे तावातावाने बोलतात. आम्ही शिक्षक तिथे काय लिहून ठेवतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

आठवीच्या भूगोलात स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ हा धडा आहे. मुलांना तो कंटाळवाणा वाटतो, खरं तर शिकवणाऱ्यालाही. म्हणून २०१३च्या उन्हाळ्यात मी मुलांना सुट्टीचा उद्योग दिला : सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते तो दिवस शोधा. आपल्याकडे असं वर्षातून दोनदा घडतं. तारीख मुद्दामच सांगितली नाही.

एका मुलाने इंटरनेटवर व्हिडिओ शोधला. छान होता. त्यात तारीख होती १३ मे, वेळ दुपारी साडेबारा. प्लंबरने टाकून दिलेला फूटभर पाइप त्याने गच्चीवर उभा केला, डोक्याला दुपट्टा बांधून वाट बघत बसला. सावली काही हटेना. मग मला फोन : "मॅडम, व्हिडिओत तं जाते सावली, आपल्या इथं काहून नाही जात?"

व्हिडिओ पुण्याचा होता. त्यात चूक काहीच नव्हती, फक्त तो नागपूरचा नव्हता. पुणे आपल्यापेक्षा अडीच अंशांहून जास्त दक्षिणेला आहे, तिथे सूर्य आधी डोक्यावर येतो. नागपूरला त्यासाठी २६ मेची वाट बघावी लागते.

त्या रात्री मी ब्लॉग उघडला आणि "नागपुरात शून्य सावली, २६ मे, दुपारी बरोबर १२" असं ठोकून दिलं. २७ तारखेला खाली एका विद्यार्थ्याच्या वडिलांची प्रतिक्रिया. अजनीला रेल्वेत नोकरी, म्हणजे मिनिटांचा हिशेब पक्का. त्यांनी लिहिलं होतं की बाराला पाइपच्या बुडाशी एक-सव्वा सेंटिमीटर सावली होती, ती १२ वाजून १० मिनिटांनी गेली, तरी खुलासा करावा.

खुलासा माझ्याच धड्यात होता! आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरच्या ८२ अंश ३० मिनिटं रेखावृत्तावर. नागपूर ७९च्या जरासं पुढे. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर आपण सुमारे १४ मिनिटं मागे. मेअखेरीस सूर्य घड्याळाच्या तीनेक मिनिटं पुढे धावत असतो, तेवढी वजा करा. राहिली दहा-अकरा. मी वर्षानुवर्षं फळ्यावर हे गणित मांडत होते आणि तोंडाने मात्र "बाराला सूर्य डोक्यावर" म्हणत होते. चूक पुसली नाही. तशीच ठेवून खाली तारीख घालून दुरुस्ती लिहिली. पुढच्या प्रत्येक वर्गाला माझी ती फजिती वाचायला फार आवडायची, आणि धडा पुस्तकापेक्षा त्यातूनच जास्त कळायचा.

पुढे डेटा स्वस्त झाला, घरोघरी व्हॉट्सअॅप आलं आणि २०२०च्या टाळेबंदीत आमची सगळी शाळाच ग्रुपवर गेली. त्याला मी नावं ठेवणार नाही. बाप हिंगणा एमआयडीसीतून घरी आल्यावर घरातला एकुलता एक फोन मुलीच्या हाती पडायचा. रात्री नऊला गृहपाठाचे फोटो यायचे, वहीवर भाजीचा डाग असायचा. ग्रुप नसता तर तेवढंही जमलं नसतं. पण त्या वर्षी मी ऋतूंवर, नाग नदीवर, कन्हान-पेंचच्या पाण्यावर बोलून पाठवलेलं आज कुठे आहे? माझा फोन बदलला, सगळं गेलं. २०१३ची चुकीची नोंद मात्र आजही उघडते, दुरुस्तीसकट. उलट यंदाच्या मे महिन्यात "उद्या संपूर्ण महाराष्ट्रात सावली गायब" हा फॉरवर्ड मला तीन ग्रुपवर आला, त्यातले दोन शिक्षकांचे. तो दुरुस्त कुठे करायचा? खाली जागाच नाही.

सरकारी साधनं वाईट नाहीत. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरचा मजकूर समोर येतो. पण तो मजकूर सगळ्या राज्यासाठी असतो. नागपूरचं १२ वाजून १० मिनिटं त्यात कोण घालणार? ज्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यांचे क्यूआर कोडही सुरू झाले ते सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या पोरांसाठीच. आजच्या शिक्षकाचा वेळ लिंका भरण्यात आणि कार्यक्रमांचे फोटो अपलोड करण्यात जातो. माझ्या ओळखीची एक बाई म्हणाली, "मॅडम, वृक्षारोपणाचा फोटो तीन ठिकाणी टाकला, झाडाला पाणी घालायचं राहिलं."

माझी मागणी छोटी आहे. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागांनी मिळून शिक्षकांच्या स्वतःच्या नोंदींसाठी एक कायमची, सर्वांना खुली जागा ठेवावी. युनिकोडमध्ये, म्हणजे शोधल्यावर सापडेल आणि दुसऱ्याच्या फोनवर अक्षरांचे चौकोन होणार नाहीत. नोंदीवर तारीख असावी, खाली दुरुस्तीला जागा असावी, मुलांची नावं आणि फोटो नसावेत. शिक्षकाला त्यासाठी आठवड्यातून एक तास मोकळा द्यावा, आणि त्या तासाचा अहवाल मात्र मागू नये.

विदर्भातल्या शाळा नुकत्याच सुरू झाल्या आहेत. सूर्य परतीच्या वाटेवर १७ जुलैच्या सुमारास पुन्हा आपल्या डोक्यावर येईल. या वेळी १२ वाजून २० मिनिटांनी, कारण जुलैत सूर्य घड्याळाच्या मागे असतो. माझ्या ब्लॉगवर मेच्या सात नोंदी आहेत, जुलैची एकही नाही. दर वर्षी नेमके ढग. मानेवाड्याला ढग असले तरी कदाचित काटोलला किंवा उमरेडला ऊन असेल. तिथल्या कुणा शिक्षकाने त्या दिवशी शाळेच्या मैदानात पाइप उभा केला, तर काय दिसलं ते ग्रुपवर टाकण्याआधी कुठेतरी नीट लिहून ठेवावं.

– एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
मानेवाडा, नागपूर