सईची चौथी इथंच होणार

न्यूरेंबर्ग, १२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रोज फोन होतोच, मग पत्र कशाला, असं आई म्हणणार. पण फोनवर बाबा "बरं, बरं" करतात आणि फोन आईकडं देऊन टाकतात, म्हणून लिहितेय. शेजारच्या पोराकडून छापून घ्या. मोबाइलवर डोळे ताणत बसू नका.

आधी मुद्द्याचं सांगते. येत्या जूनमध्ये आम्ही कायमचे परत येत नाही. सईची चौथी इथंच होणार. दोन वर्षांचं बोलणं झालं होतं, ते मी विसरले नाही. पण ठरलंय, आणि ठरवून मग सांगतेय म्हणून रागावू नका. विचारलं असतं तर तुम्ही "तुमचं बरं होत असेल तर राहा" म्हणाला असता आणि रात्रभर दोघंही जागे राहिला असता.

बाबा, तुमच्याशी आधी बोलते. आई रडून मोकळी होते, तुम्ही होत नाही. येळ्ळूरच्या शिवारात नांगर धरलेल्या माणसाला बांधावर गाठून "पोरगं मराठी शाळेत घाल की" म्हणणारे मास्तर तुम्ही. दर मे महिन्यात चपला झिजवल्या. रिटायर झालात तरी अजून पट किती राहिला म्हणून चौकशी करत असता, हे मला आईकडून कळतं. आणि तुमची नात जर्मन शाळेत. गल्लीतल्या लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू देत. तुम्हाला काय वाटतंय याचा मात्र मला घोर आहे.

परवा तुम्ही हसत म्हणालात, "तिथं पण सक्तीच की." पण ८६ सालच्या बेळगावातल्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनापासून तो शब्द तुमच्या तोंडून सहज निघत नाही, हे मला कळतं. खांदाही दुखत असणार त्या दिवशी, हवा ढगाळ होती म्हणे. तर हो, सक्ती आहे. मूल शाळेत गेलंच पाहिजे; घरी ठेवून शिकवतो म्हटलं तर कायद्यानं चालत नाही. पण तिला एकदम लोटलं नाही. पहिलं वर्ष त्यांनी तिला नव्यानं आलेल्या पोरांच्या वर्गात ठेवलं. युक्रेनची, सीरियाची, रुमानियाची पोरं, सगळी सारखीच मुकी. आधी भाषा, मग बाकीचं. आता सप्टेंबरात नेहमीच्या तिसरीत बसवलं. पालकसभेत बाई काय म्हणाल्या माहीत आहे? घरात मोडकंतोडकं जर्मन बोलू नका, तुमची भाषा नीट बोला, ती पक्की असली की ही येते. मी ह्यांच्याकडं बघितलं. तुम्हीच कुठून तरी त्यांचे कान भरले असावेत असं वाटलं.

आणि तुम्हाला आवडेल असं एक. वर्गात शाईच्या पेनानं लिहायचं, बॉलपेन नको म्हणतात. सईबाईसाहेब तर्जनीच्या पेराला निळा डाग लावून घरी येतात, तो साबणानं जात नाही, आणि जाऊ नये असंच तिला वाटतं. अक्षर अजून गचाळ आहे. वेलांटी जिथं येईल तिथं हात थांबतो आणि मग आठवतं की ही मराठी नव्हे. वर्गात जाताना बूट बाहेर काढून कापडी सपाता घालायच्या. पुस्तकं शाळा देते, वर्षाच्या शेवटी परत करायची, म्हणून कव्हर घालावंच लागतं. ते ह्यांनी घातलं, तुमच्यासारखं कोपरे दुमडून.

आई, तुझ्यासाठी खास. सईला गणितात २ मिळाले तेव्हा तू फोनवर "दोनच काय गं?" म्हणालीस आणि तिनं भोकाड पसरलं. इथं १ सगळ्यात वर आणि ६ म्हणजे नापास. २ म्हणजे चांगलेच आहेत. आता तिला एकदा "शाबास" म्हण.

चौथीचा आग्रह का, ते सांगते. इथं चौथीतल्या भाषा, गणित आणि परिसर अभ्यासाच्या गुणांवर पुढची शाळा ठरते. बव्हेरियात सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली आली तर वरच्या शाळेचा रस्ता थेट उघडतो. आता तिसरीतून उचलून आणली तर इथलं अर्धवट, आणि तिथं कन्नड पहिल्यापासून. कन्नडची पाटी तर कोरीच झालीय तिची. पाचवीचं पाचवीला बघू. आई, आता "बघू म्हणजे तिथंच" असं बाबांना म्हणू नकोस.

माझंही आहेच. भाषेची बी-टूची परीक्षा झाली, मग नर्सिंगची मान्यता मिळायला ती दुसरी परीक्षा, ती यंदा सुटली. तोवर मदतनीसाच्या पगारावर काढलं. पूर्ण पगार आत्ता कुठं सुरू झालाय, आणि आत्ताच उठून यायचं म्हणजे ऐन सुगीत शेत सोडून जाण्यासारखं. सईच्या नावानं सरकार यंदा महिन्याला २५५ युरो देतंय, शाळेला फी नाही. अनगोळच्या जागेचं मी इथं लिहीत नाही, ते आपल्याला ठाऊकच आहे. ह्यांचा भाषेचा वर्ग सुरू आहे. वर्गात सगळ्यात जास्त हेच बोलतात, चुकतात आणि तरी बोलतात. तुम्हाला जावई माहीतच आहे.

घर बदललं. हॉस्पिटलच्या खोल्या सोडून दोन खोल्या-स्वयंपाकघराचा फ्लॅट घेतलाय. इथं घर भाड्यानं मिळतं म्हणजे भिंती मिळतात. ओटा, कपाटं, शेगडी, काही नसतं. काही घरांत तर बल्बही नाहीत, नुसत्या वायरी लोंबतात. आधीच्या भाडेकरूकडून ओटा-कपाटं जुनी विकत घेतली, चांगली आहेत. अनामत तीन महिन्यांचं भाडं. घंटीवर आपलं आडनाव लावलं, कारण नाव नसलं तर पोस्टमन पत्र टाकत नाही. तिसऱ्या मजल्यावर याहून मोठं, उजेडाचं घर मिळत होतं, लिफ्ट नव्हती. आईचे गुडघे डोळ्यांसमोर आले आणि पहिला मजला घेतला.

थंडीची काळजी नको. प्रत्येक खोलीत भिंतीला गरम पाण्याचे पाइप आहेत. उलट सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडून हवा बदलावी लागते, नाहीतर भिंतीला बुरशी धरते. नळाला चोवीस तास पाणी असतं, तेच पितो. "पाणी आलं काय?" हा आपल्या घरातला पहिला प्रश्न इथं कुणी कुणाला विचारत नाही, आणि मला सकाळी काहीतरी करायचं राहिलं असं उगाच वाटत राहतं. खाली तळघरात प्रत्येकाला एकेक जाळीची खोली आहे, त्यात मी बटाटे आणि तांदूळ ठेवते.

भाकरी होते, पण रडत. जोंधळ्याचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, जुनं असतं. कढत पाण्यानं उकड घेतल्याशिवाय थापताच येत नाही, कडा चिरतात. जाळ नाही, विजेची काचेची शेगडी, म्हणून दुसरी बाजू तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवते. एखादी फुगते. त्या दिवशी सई टाळ्या वाजवते आणि फुगलेली ती पळवते. रविवारी दुकानं बंद, आणि शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून मी मिक्सरही लावत नाही. चटणी शनिवारीच वाटून ठेवायची.

परवा संध्याकाळी सई रस्त्यात पेंगली. आठ वर्षांची घोडी, तरी उचलून घेतली. बाबा, शिवजयंतीचे चित्ररथ बघताना मी तुमच्या डाव्या खांद्यावर झोपायची, आठवतं? उजव्यावर कधी घेतलं नाहीत. मला वाटायचं डावा माझा आणि उजवा तुमचा. आई मागून चिरमुऱ्याचा पुडा सांभाळत यायची. सकाळी उठून मी भांडायची, शेवटचा रथ दाखवला नाही म्हणून. तुम्ही दरवर्षी सांगायचात की शेवटचा चांगला नव्हता.

बरं. आता कामाचं, आणि हे नीट ऐका.

आई, बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. बरं वाटतंय ते गोळीमुळंच. साखरेची गोळी घेऊन नवरात्रात कडक उपास केलास ते मला अक्कानं सांगितलं. पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला तर देवाचं नाव नंतर, आधी तीन चमचे साखर पाण्यातून. पंधरा मिनिटांनी परत मशिनवर बघायचं. रोज रात्री तळपाय उजेडात बघायचे, तुला दिसत नसेल तर बाबा बघतील. घरात अनवाणी फिरायचं नाही. देवघर वगळून.

बाबा, कौलं शाकारायला शिडीवर तुम्ही चढायचं नाही. माणूस लावा, पैसे मी पाठवते. खुब्याचं हाड मोडून माझ्या वॉर्डात येतात ती माणसं डोंगरावर पडलेली नसतात. मोरीत, पलंगावरून उतरताना, ओल्या पायरीवर पडलेली असतात. त्यांचे मुलगे-मुली दूर असतात, मी त्यांना भरवते. एवढंच लिहिते. मोरीत भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या, खाली खरखरीत फरशी. रात्री मोरीकडं जायच्या वाटेवर छोटा दिवा. नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला, विसरू नका. कन्नडमधून आलेला कागद न वाचता सही करू नका, मग तो कुणीही आणलेला असो.

आणि पासपोर्ट काढा. बेळगावातच, पोस्टात होतं ते काम. व्हिसाला बेंगळुरूला जावं लागेल, तेव्हा भाऊजी बरोबर येतील, त्यांच्याशी बोलून ठेवलंय. नव्वद दिवस राहता येतं. मे महिन्यात या, हवा आपल्या डिसेंबरपेक्षा जरा गार असते. बेंगळुरूहून फ्रँकफुर्टला थेट विमान, पुढं मी न्यायला येते, तिथून रेल्वेनं दोन तास. "आमचं काय काम तिथं" हे वाक्य आधीच ऐकलंय, ते परत नको. बाबा, सईला जोडाक्षरं तुमच्याइतकी कुणाला शिकवता येणार नाहीत. मला येत नाहीत, माझा धीर सुटतो.

दांडा दिवाळीआधी बसवा. बसवल्यावर फोटो पाठवा. आई, फोटोसाठी मोरी घासत बसू नकोस.

तुमची,
राणी

ता. क. : इथं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागं करतात. मग आपल्यात साडेतीनऐवजी साडेचार तासांचं अंतर पडेल. सईचा मराठीचा तास इथल्या सकाळी दहालाच, म्हणजे तुमच्याकडं दुपारी अडीच. बाबांची झोप मोडत असेल तर नऊला घेऊ, सांगा. आणि फराळाच्या पार्सलमध्ये कुंदा घालू नका. दुधाचे पदार्थ युरोपात आणू देत नाहीत, कस्टमवाले काढून फेकतात. शेंगाचटणी चालेल. भरपूर चालेल.