ताई, आभार चारचौघांत मानतेय

प्रिय ताई,

व्हॉट्सॲपवर आभार मानले की तुम्ही नुसता अंगठा पाठवता आणि विषय मिटवता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. इंग्लंडमधल्या शाळांत शिकवणारं आपलं कुणी माझ्यासारखंच शाळा बदलताना व्हिसाच्या फेऱ्यात अडकलं असेल, तर त्यालाही उपयोग होईल.

फेब्रुवारी 2023 पासून भारतातल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना इथल्या क्यूटीएससाठी, म्हणजे पात्र शिक्षक म्हणून मान्यतेसाठी, थेट अर्ज करता येऊ लागला, त्या वाटेनं मी आले. पहिली शाळा वाईट नव्हती. पण फिजिक्ससाठी घेतलं आणि निम्मे तास भलत्याच विषयांचे लावले. गेल्या वर्षी, 2025 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या शाळेनं बोलावलं तेव्हा आनंदापेक्षा धास्ती जास्त होती. स्किल्ड वर्कर व्हिसा नोकरी देणाऱ्याला बांधलेला. नोकरी देणारा बदलला की पुन्हा अर्ज आणि पुन्हा फी.

खरी गाठ कुठे आहे ते तुम्ही दाखवलंत. 1 सप्टेंबरला नव्या शाळेत रुजू व्हायचं, तर जुन्या शाळेत 31 मेपर्यंत राजीनामा द्यायलाच हवा. व्हिसाचा अर्ज मात्र रुजू होण्याच्या तारखेआधी तीन महिन्यांपर्यंतच करता येतो, म्हणजे 1 जूनच्या आधी नाहीच. दुसरी फांदी हाताला लागायच्या आत पहिली सोडायची! त्यात त्या वर्षी 31 मे शनिवारी आणि आधीचा आख्खा आठवडा हाफ टर्मची, म्हणजे सत्राच्या मधली, सुट्टी. म्हणजे 23 मेच्या शुक्रवारीच राजीनाम्याचं पत्र हेडच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, हातात पडायला हवं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लाल पेनानं गोल करत तुम्ही हे सांगितलंत, तेव्हा कुठे माझ्या डोक्यातला गुंता सुटायला लागला.

नेमकी त्याच महिन्यात, 12 मेला, इमिग्रेशनवर सरकारची श्वेतपत्रिका आली. कायम राहायच्या परवान्यासाठी पाचऐवजी दहा वर्षं, असं वाचून ग्रुपवर नुसता हलकल्लोळ. तुमचं उत्तर एवढंच: "तो प्रस्ताव आहे, नियम नव्हे. तू आधी हातातलं काम कर."

हातातलं काम म्हणजे नव्या शाळेला प्रश्न विचारणं. मुलाखतीत "हो, आम्ही स्पॉन्सर करतो" असं गोड बोलणं वेगळं आणि कागद वेगळा. परदेशी माणसाला व्हिसासाठी स्पॉन्सर करायचं लायसन्स शाळेच्या नावावर आहे की शाळा चालवणाऱ्या ट्रस्टच्या? ट्रस्टच्या वाट्याला आलेल्या सीओएसपैकी, म्हणजे स्पॉन्सरशिपच्या प्रमाणपत्रांपैकी, माझ्यासाठी एक शिल्लक आहे का? तुम्ही सरकारची स्पॉन्सरांची यादी उघडून दिलीत, तर शाळेचं नाव त्यात नव्हतंच, ट्रस्टचं होतं. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनाही ते माहीत नव्हतं. मग ट्रस्टच्या एचआरकडून ईमेल मागवली आणि ती आल्यावरच राजीनामा दिला. करारात आणखी एक ओळ होती, लवकर सोडलं तर स्पॉन्सरशिपचा सगळा खर्च परत करायचा. स्किल्स चार्ज, म्हणजे स्पॉन्सर करणाऱ्यानं सरकारला भरायची रक्कम, शिक्षकाकडून वसूल करता येत नाही, हे त्यांना कळवल्यावर ती ओळ गेली. बिनबोभाट.

आणि एवढं सगळं ठाऊक असूनही "मी वकील नाही, अर्जाबद्दल सल्ला देणार नाही" म्हणत तुम्ही मला नोंदणी असलेल्या सल्लागाराकडे पाठवलंत. या देशात नोंदणीशिवाय इमिग्रेशन सल्ल्याचा धंदा करणं गुन्हा आहे. तरी ग्रुपवर बिनधास्त सल्ले देणारे किती! तुमच्यासारखं "मला इथवरच येतं" म्हणणारं माणूस विरळा. व्हिसाच्या अर्जाबरोबर आरोग्यसेवेसाठी भरायचा हेल्थ सरचार्ज वर्षाला 1,035 पाउंड, तीन वर्षांचे 3,105. तो आकडा ऐकून माझ्या पोटात गोळा आला, तर पैसे उसने द्यायलाही तुम्ही तयार. घ्यायची वेळ आली नाही, पण रात्री झोप लागली ती त्या शब्दावर.

अर्ज टाकल्यावर निकाल येईपर्यंत मायदेशी जायचं नाही. गेलं तर अर्ज मागे घेतला असं धरतात. शाळेला सुट्टी लागलेली आणि आई सांगलीहून रोज विचारणार, "कधी येतेस?" तिला व्हिसाचं गणित माझ्याच्यानं समजावून होईना. तुम्ही स्वतः फोन केलात, तासभर बोललात. काय बोललात ते दोघींपैकी कुणी अजून सांगत नाही. त्यानंतर मात्र आईनं तो प्रश्न विचारला नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात अवघड काम ते होतं.

जुलैच्या शेवटी मंजुरी आली. ऑगस्टअखेरपर्यंत जुन्या शाळेचा पगार, 1 सप्टेंबरला नवी शाळा, मध्ये एक दिवसही खाडा नाही. आता सगळे तास फिजिक्सचे आहेत.

तर ताई, मनापासून आभार. आणि हो, नाशिकची एक गणिताची शिक्षिका सध्या याच फेऱ्यात अडकली आहे. रविवारी तिला घेऊन तुमच्याकडे येतेय. पोहे जरा जास्त भिजवा.

तुमची,
फिजिक्सवाली