खोकला नसला तरी टीबी असू शकतो, हे पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

टीबीवर तुमच्या पेपरात अधूनमधून माहिती येते, चांगली असते, पण दरवेळी तेच, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, थुंकीची तपासणी, छातीचा एक्स-रे. पोटाच्या टीबीबद्दल एक ओळ नसते म्हणून हे पत्र.

आमच्या वहिनींचं पोट सारखं दुखायचं, उजवीकडे खाली, कधी जुलाब तर कधी चार दिवस पोट साफ नाही, संध्याकाळी अंग गरम आणि वजन उतरत चाललेलं. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, मग कुणी अपेंडिक्स म्हणालं, टीबीचा विषय निघाला तेव्हा एक्स-रे क्लिअर आहे, खोकला नाही, मग टीबी कसला म्हणून तो तिथेच संपला. आता कळतंय की पोटाचा टीबी असलेल्या बऱ्याच पेशंटचा छातीचा एक्स-रे नॉर्मलच असतो!

हा जंतू आतड्यात जातो तो गिळलेल्या थुंकीतून, रक्तातून किंवा टीबी झालेल्या जनावराचं दूध न उकळता प्यायल्याने. जास्त करून लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे बसतो, अपेंडिक्स पण तिथेच, त्यामुळे घोळ होतो. तिथे जखमा होतात, आतडं आकसतं आणि उशीर झाला तर रस्ता बंद होऊन ऑपरेशनची वेळ येते. काहींच्या पोटात पाणी भरतं, काहींच्या गाठी सुजतात.

सगळ्यात महत्त्वाचं, क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार असतो तो दुर्बिणीतून बघितला तरी अगदी असाच दिसू शकतो, पण त्याला स्टेरॉईड देतात आणि टीबी असताना टीबीची औषधं न देता नुसतं स्टेरॉईड दिलं तर टीबी उफाळून येतो. म्हणून कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी) आतड्याचा तुकडा घेतील तेव्हा विचारा की टीबीची कल्चर (जंतू वाढवून बघतात ती) आणि जीनएक्सपर्ट (जंतूचा डीएनए शोधतात ती तपासणी) पण पाठवताय ना, कारण सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवायचं रसायन, त्यात जंतू मरतात) टाकला तर कल्चर होत नाही, त्यासाठी वेगळा तुकडा सलाईनमध्ये ठेवावा लागतो. पेशंटच्या माणसाला हे कोण सांगतं? आम्हाला एका शिकाऊ डॉक्टर मुलीने सांगितलं, तिचे उपकार आहेत. आणि या तपासण्या निगेटिव्ह आल्या म्हणजे टीबी नाहीच असंही नसतं, पोटाच्या टीबीत जंतू कमी सापडतात.

औषध साधारण ६ महिने, पहिले २ महिने चार औषधं. त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी होते, वहिनी ते बघून रडायलाच लागल्या, रक्त जातंय वाटलं त्यांना, पण ते नुसता औषधाचा रंग. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधुक झाली तर लगेच डॉक्टरांकडे जायचं. महिन्या दोन महिन्यात भूक लागते, बरं वाटतं आणि तिथेच लोक गोळ्या सोडतात, तसं अजिबात करू नये.

आणि घरातल्यांनी ताट वाटी वेगळी केली होती त्याचा मला फार राग आला. टीबी फक्त पोटात असेल, फुफ्फुसात नसेल, तर सोबत जेवल्याने बसल्याने तो पसरत नाही. आधीच खंगलेल्या बाईला कोपऱ्यात बसवून काय मिळतं?

२४ मार्चला टीबी दिन असतो, त्या दिवशी अर्धा कॉलम तरी पोटाच्या टीबीला द्या आणि एखाद्या पोटविकार तज्ज्ञांकडून लिहून घ्या ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक